पितरांचा घास आणि हायब्रीड ज्वारी

७ ऑक्टोबर १९७४, सोमवार. काम एकच होतं: वावरातली हायब्रीड ज्वारी सोंगून खळ्यात आणायची. पीक वाळून तयार होतं, विळे घासून ठेवले होते, खळं सारवून झालं होतं आणि सोंगायला एकही बाई यायला तयार नव्हती.

आमचं गाव शिरपूर आणि मालेगावच्या मधलं. दोन वर्षांपूर्वी दुष्काळ पडला तेव्हा रेशनच्या दुकानात परदेशातला लाल मिलो मिळायचा. मिलो म्हणजे तिकडची ज्वारीच, पण ती ज्वारी आहे हे सांगावं लागायचं. तो खाऊन आम्ही सगळे जगलो, आणि त्याच्याबद्दल चांगला शब्द बोलणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. पोटात घातलेल्या गोष्टीचे उपकार जीभ लवकर विसरते.

त्यानंतर मालेगावचे शेतकीचे साहेब मोटारसायकलवर गावोगाव फिरू लागले. तरुण, टेरिलीनचा शर्ट, आणि बोलायला लागले की थेट जगापासून सुरुवात. चावडीसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की जगाची लोकसंख्या वाढते आहे, जमीन वाढत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी दोन जातींचा संकर करून ही हायब्रीड ज्वारी काढली आहे. ताट बुटकं, कणीस भरघोस, पीक लवकर हातात. जगाची भूक मिटवायची तर हाच रस्ता आहे.

माझे सासरे पुढे बसले होते. त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. बुटकं ताट म्हटल्याबरोबर त्यांनी कान टवकारले. गावरान ज्वारीत माणूस शिरला तर दिसत नसे, आणि तिच्या कडब्यावर आमचे बैल वर्ष काढत.

"साहेब," ते म्हणाले, "जगाचं पोट भरन, बरं झालं. पण माहे बैल जगात येते का नाई?"

लोक हसले. साहेबही हसले, पण बैलांचं उत्तर त्यांनी दिलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की ज्याला प्रयोगासाठी लावायची असेल त्याला बी फुकट. फुकट म्हटलं की आमच्या घरधन्यांची दृष्टी एकदम वैज्ञानिक व्हायची. त्यांनी तिथंच हात वर केला, आणि रस्त्याकडेचं आमचं चांगलं वावर प्रयोगाला गेलं.

ज्वारी आली मात्र फार छान. सगळी ताटं एका उंचीची, शाळेतली पोरं कवायतीला उभी करावीत तशी. कणसं इतकी जड की हातात धरलं तर मनगटाला कळावं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत. घोटाळा झाला तो लवकर येण्यानं. सगळ्या शिवारात गावरान ज्वारी अजून हिरवीगार, आणि दाणा भरून पिकलेलं वावर तेवढं आमचंच. ही बातमी पक्ष्यांना साहेबांच्या आधी कळली. चिमण्या, पोपट, कावळे, ज्याला चोच आहे तो प्रत्येक जण आमच्याकडे. मामंजींनी मचाण बांधलं आणि गोफण व तेलाचा रिकामा डबा घेऊन दिवसभर वर बसू लागले. डबा वाजवण्यात त्यांचा हात चांगला होता. शिरपूरहून येणारे लोक विचारत, तुमच्या गावात लग्न आहे का?

दुसरी भीती पावसाची. हस्त नक्षत्र संपायचं होतं आणि दुपारनंतर आभाळ भरून येत होतं. पिकलेल्या हायब्रीडवर पाऊस पडला की दाण्यावर बुरशी धरते आणि तो काळा पडतो. काळी ज्वारी बाजारात कुणी घेत नाही. म्हणजे दोन-तीन दिवसांत सोंगणी झाली तर वर्षाचं धान्य घरात, नाहीतर पाखरांचं आणि बुरशीचं.

बायका का येत नव्हत्या ते सांगते. आमच्याकडे सोंगणीची मजुरी धान्यात देत, आणि ज्या वावराची सोंगणी त्याच वावराचं धान्य. हा जुना रिवाज. बायकांच्या टोळीची म्होरकी माझ्या सासूबाईंच्या वयाची, त्यांच्याच माहेरची. आमच्या घरात तिला कुणी पाहुणी मानत नसे. ती सकाळीच ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली,

"सूनबाई, काम कराले आमी नाई म्हनत नाई. पन त्या मिलोचं भावंड आमच्या पदरात नोको टाकू."

"ही लाल नाही, पांढरी आहे. बघून तर घ्या."

"रंग बदलला म्हून खोड बदलते का? माह्या भावाच्या गावात एकीनं केली याची भाकर. थापाले घेतली तं परातीतच तिचा नकाशा झाला."

"मग गावरान देऊ का?"

"दे न."

मी हे चुकून बोलले. गावरान जुनी ज्वारी कणगीच्या तळाला राहिली होती. ती देऊन टाकली तर नवी गावरान येईपर्यंत आम्ही खायचं काय? रोख द्यावं तर त्यासाठी ज्वारी विकायला हवी, विकायची तर आधी सोंगायला हवी. आमचे घरधनी दुसऱ्या गावातून माणसं मिळतात का ते बघायला पहाटेच मालेगावकडे गेले होते. मला त्या शोधाची फारशी आशा नव्हती. मालेगावला गेले की ते चहाच्या दुकानात जास्त शोधत.

आणि नेमकी त्या दिवशी पितृपक्षातली आमच्या आजेसासऱ्यांची, म्हणजे मामंजींच्या वडिलांची तिथी. सासूबाईंचा नेम पक्का: नवं धान्य घरात आलं की आधी पितरांना दाखवायचं, मग आपण तोंडात घालायचं. मामंजींनी चार कणसं खुडून आणली होती. सासूबाईंनी ती चोळून माझ्यापुढं सूप सरकवलं.

"दळ, अन् एक भाकर कर. ठेवू पानावर. पन मी आताच सांगून ठेवतो, कावळा शिवनार नाई. माह्या सासऱ्याची जीभ मले माहीत हाय."

म्होरकी ओसरीवरून ऐकत होती. ती म्हणाली, "हे बरं झालं. म्हातारबानं घास घेतला तं आमी बी घेऊ. उद्या सकायी सगळ्या बायका तुह्या वावरात. नाई घेतला तं तू जान अन् तुहे साहेब जाने."

मी लगेच कबूल केलं. कावळा काय, कशालाही शिवतो असा माझा अनुभव.

हायब्रीडचं पीठ मात्र खरंच हट्टी निघालं. गावरानाचं पीठ पाण्याला धरून बसतं, याला चिकटायचं माहीतच नाही. गार पाण्यानं मळलं तर कडा फाटल्या. मग उकळतं पाणी ओतून, झाकून ठेवून, गरम असतानाच मळलं, आणि दळणात मूठभर उडीद टाकला तेव्हा कुठं भाकरी गोल झाली. तव्यावर ती फुगली नाही, पण फुगण्याचा विचार करते आहे असं वाटलं. पितरांच्या पानावर उडीद चालतो, वडे त्याचेच असतात, त्यामुळे त्यावर कुणाला हरकत घेता आली नाही.

मामंजींना मचाणावरून बोलावून आणलं. मुलगा तोच, पान त्यानंच ठेवायचं. आंघोळ करून, कोरडं धोतर नेसून त्यांनी न्हाणीच्या टिनाच्या छपरावर पान ठेवलं: खीर, कढी, वडे, भाजी आणि मधोमध हायब्रीडची भाकरी. आम्ही अंगणात उभे राहिलो.

कावळा आला नाही.

मामंजींनी हाका मारल्या. सासूबाईंनी दोन्ही हात जोडून, मुलं सुखी आहेत, बैल सुखी आहेत, असं सगळं सांगून पाहिलं. म्होरकी नुसती पदरानं वारा घेत होती. तेवढ्यात दारात मोटारसायकल वाजली आणि शेतकीचे साहेब आत आले. सोंगणी झाली का ते बघायला आले होते. सगळे वर टिनाकडे बघत आहेत हे पाहून तेही बघू लागले. मी त्यांना थोडक्यात सांगितलं की त्यांच्या ज्वारीचा निकाल कावळ्याकडे आहे.

ते आधी हसले. मग म्होरकीचं तोंड पाहून त्यांना कळलं की खरंच तसं आहे. बिचाऱ्यांचा तालुक्यातला पहिलाच प्रयोग होता. त्यांनी बूट काढले, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि मान वर करून "काव, काव" करायला लागले. आवाज चांगला होता, शिकलेला. पण कावळा नाही.

म्होरकीनं विचारलं, "साहेब, तुमच्या घरी बाई हेच भाकर करत असन न?"

"आमच्याकडे..." साहेब घुटमळले. "आमच्याकडे पोळ्या असतात."

"गव्हाच्या?"

"गव्हाच्या."

"तो बी हायब्रीड का?"

"सुधारित आहे तो."

"म्हंजे सुधारलेलं तुमी खाता अन् बिघडलेलं आमाले देता."

साहेबांनी परत वर पाहून "काव" केलं. त्यांना दोष देत नाही. त्या क्षणी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी मात्र टिनाकडे बघायचं सोडून इकडंतिकडं बघत होते. निंबावर कावळा नाही. विहिरीजवळच्या पाण्याच्या थारोळ्यावर नाही. शेजारच्यांकडेही त्या दिवशी पितरं होती, त्यांचंही पान तसंच पडलं होतं, आणि त्यांनी तर हायब्रीड ठेवली नव्हती. म्हणजे भाकरीचा दोष नाही. मग एवढ्या मोठ्या गावातले कावळे गेले कुठं? आणि माझी नजर मामंजींवर गेली. कोरड्या धोतरात, हात जोडून, ते अंगणात उभे. ते अंगणात आहेत, म्हणजे मचाणावर कुणी नाही.

मी म्होरकीचा हात धरला. "चला माझ्याबरोबर."

"कुटी?"

"कावळा दाखवते."

वावर जवळच होतं. आम्ही दोघी बांधावर पोचलो आणि उभ्याच राहिलो. पांढऱ्या कणसांवर काळे ठिपके, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक कणसावर नाही म्हणता येणार, पण ज्या कणसावर कावळा नव्हता त्यावर पोपट होता. बुटक्या ताटाचा फायदा असा की सगळं स्पष्ट दिसत होतं. जगाचं मला माहीत नाही, पण शिरपूर ते मालेगावपर्यंतच्या कावळ्यांची भूक त्या शास्त्रज्ञांनी मिटवली होती यात शंका नाही.

"पाहा," मी म्हटलं. "घास घेतला की नाही?"

म्होरकी हार मानणारी नव्हती. "हे पितर नाई व. हे चोर हाये. पितर बलावल्याबिगर येत नाई, अन् आला तं पानावर येते."

मागून बाकीचे आले. पुढं मामंजी, त्यांच्यामागं साहेब बूट हातात घेऊन, शेवटी सासूबाई. मामंजींनी वावर पाहिलं आणि मचाणाखाली ठेवलेली गोफण उचलली. धोंडा घातला, हात मागं नेला, तर सासूबाईंनी मनगट धरलं.

"काय करून राह्यले? बापाले धोंडा मारता का?"

मामंजींचा हात तसाच वर राहिला.

"माहा सासरा पानावर जेवला कधी?" सासूबाई म्होरकीकडे वळल्या. "तुले माहीत नाई? मी ताट वाढून बसो, अन् थो मानूस वावरात उभ्या उभ्या कनसं चोयून खाय. चाळीस वर्सं मी त्याचं अन्न झाकून ठेवलं. थो घरी कायले येईन? थो सरका अटी वावरातच आला."

म्होरकीला हे नाकारता येईना. म्हातारबांना तिनंही पाहिलं होतं. "खाय तं तसाच," ती म्हणाली. "माह्या लेकराईलेबी देये."

वाद मिटला म्हणून मी मामंजींना म्हटलं, "आता तरी उडवा त्यांना." पण सासूबाईंनी मनगट सोडलं नाही. "जेवू द्या. तिथी हाय आज."

म्हणून आम्ही पाच जण बांधावर उभे राहून पितरांचं जेवण बघत राहिलो. वर्षाचं धान्य डोळ्यांदेखत चाललं होतं आणि त्यावर बोलायची सोय नव्हती. आमचे पूर्वज एवढे होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

साहेबांनी हळूच मला सांगितलं, "पक्षी खाणार नाहीत अशी जात निघू शकते. दाण्यात जरा तुरटपणा आणला की झालं."

ते म्होरकीनं ऐकलं. "अन् मंग ते मानूस खाईन का?"

मला वाटतं, तो प्रश्न साहेबांनी नंतर खरंच कुठंतरी विचारला असावा. पुढं जी हायब्रीडं आली त्यांची भाकरी पहिल्यापेक्षा बरी होत गेली.

शेवटी पितरांची पोटं भरली आणि ते आपोआप उठून नदीकडं गेले. मामंजी मचाणावर चढले. पीक गेलं होतं तेवढं गेलं, पण जास्त उरलं होतं. आभाळ मात्र मालेगावच्या बाजूनं काळं होत होतं. मी म्होरकीला विचारलं, "मग उद्या सकाळी?"

ती बांधावर बसली. आता तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

"खरं सांगू का सूनबाई? भाकर फाटते, ते आमी पाहून घेऊ. तू उकयत्या पान्यानं केली तशी करू. मिलो खाल्ला, हेबी खाऊ. पन आमी आमच्या घरी हायब्रीड खाऊ, अन् तुमी कनगीतली गावरान काढून खासान, हे नाई जमनार. तुह्या घरात जे शिजते, तेच आमच्या पदरात टाक. मंग कोनतंबी टाक."

ती म्हणत होती तसंच आमच्या घरात ठरलं होतं. कुणी बोललं नव्हतं एवढंच: हायब्रीड मजुरीला आणि बाजाराला, गावरान ताटात. साहेब पोळ्या खातात यावर मी मघाशी मनात हसले होते, तर तोच कारभार माझ्या चुलीवरही होता.

सासूबाईंना हे पटलं नाही. "माह्या दाताचं काय?"

"माहे काय लोखंडाचे हाये?" म्होरकीनं विचारलं. "तुह्याहून दोन कमीच असन."

"तू लहानपनापासून हट्टी."

"अन् तू लहानपनापासून आपलं आपलं झाकून ठेवनारी."

दोघी माहेरच्या बोलण्यावर उतरल्या तेव्हा मी मध्ये पडले. आमचे घरधनी नव्हते, मामंजी मचाणावर होते, निर्णय कुणीतरी घ्यायलाच हवा होता. मी सांगितलं की नवी गावरान खळ्यात येईपर्यंत आमच्या घरातही हायब्रीडच शिजेल. जुनी गावरान कणगीतच राहील, बी म्हणून आणि दुखण्याखुपण्याला. ते दुखणं कुणाच्या घरचंही असो.

"तुह्या तोंडाचा भरोसा हाय," म्होरकी म्हणाली, "पन कनगीच्या तोंडाचा नाई. थे लिंपून टाक. माह्या डोयासमोर."

"उद्या उजाडायच्या आत या."

ती उठली, लुगडं झटकलं आणि बायकांना सांगायला गेली. जाताना साहेबांना म्हणाली, "तुमीबी येजा साहेब. भाकर खाऊन पाहा एकडाव. मंग सांगा लोकाईले." साहेब हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, पण सोंगणी झाल्यावर मात्र आले, आणि भाकरी मागून खाल्ली. त्यांनी चटणीही मागितली. भाकरीविषयी एवढंच म्हणाले की पापुद्रा जरा जाड आहे.

संध्याकाळपर्यंत मी आणखी टोपलीभर कणसं खुडून, चोळून दळून ठेवली. आमचे घरधनी दिवेलागणीला परतले. माणसं मिळाली नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना वाढलं. त्यांनी पहिला घास तोंडात घातला, थांबले आणि विचारलं, "हे काय आहे?"

"तुम्ही हात वर केला होता ना," मी म्हटलं, "तेच."

ते जेवले. उपास करण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच उठले. शेण आणि पांढरी माती कालवली. म्होरकी कंदील घेऊन आली आणि तिच्यासमोर कणगीचं तोंड लिंपून बंद केलं. तिनं ओल्या मातीवर आपला अंगठा उठवला, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. सासूबाई बाजेवरून बघत होत्या. मग उकळत्या पाण्यात पीठ मळून टोपलीभर भाकऱ्या केल्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा घातला आणि वावरात गेले. बायका बांधावर ओळीनं बसल्या होत्या. विळे खाली ठेवलेले, कुणी उचलत नव्हतं. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला कळलं. मी त्यांच्यासमोर बसले, एक अख्खी भाकरी, कडेसकट, कुणालाही न देता खाल्ली, वर पाणी प्यायले आणि टोपली त्यांच्याकडं सरकवली. मग विळा घेऊन पहिली ओळ धरली.